पाच फूट दहा इंचांची अर्पिता

अर्पिता पहिल्या दिवशी आमच्या ऑफिसात आली तेव्हा दारातून शिरताना तिनं मान जराशी खाली घातली. दार चांगलं साडेसहा फुटांचं आहे, वाकायची काही गरज नव्हती. पण उंच माणसांना तशी सवय लागते म्हणे. मला कुठून कळणार? मी चार फूट अकरा. आजवर मी कुठल्याही दारात वाकलेली नाही, आणि लग्नाच्या बाजारात माझ्यासाठी कुणी वाकलेलं नाही.

आता मीच सांगते आहे तर सरळच सांगते. मी तिच्यावर जळत होते. पहिल्या आठवड्यापासून जळत होते आणि आजही पुरती विझलेले नाही.

आमचं ऑफिस यवतमाळला आर्णी रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मालक मंदारसर, मी, आणि आठ महिन्यांपूर्वी आलेली ही. शाळा, पतसंस्था, समाजाची मंडळं यांची संकेतस्थळं आम्ही बनवतो. कोड लिहायची भाषा पीएचपी. मी अमरावतीहून एमसीए केलेली, अकरा वर्षं ह्याच खुर्चीत. माझे वडील कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क होते, आजोबा कोर्टात. आमच्या घरात फायलीची गाठसुद्धा ठरलेल्या पद्धतीनं मारतात. आणि ही ढाणकीजवळच्या एका गावातली. वडील घनश्यामराव, घरची वीस एकर जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. उमरखेडहून बीएस्सी, तीही बॉटनीत.

मी मंदारसरांना म्हटलंसुद्धा, "बॉटनीवालीला कोडिंग काय येणार?" ते म्हणाले, "तिची वही बघ."

ती वही मी बघितली, तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. बीएस्सीनंतर सात महिने तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ बघायची आणि कोड लिहायची कुठे, तर पाचवी-सहावीची पोरं गणिताला वापरतात त्या चौकटीच्या वहीत. एका चौकटीत एक अक्षर. मग मशीन काय छापेल ते स्वतः डोक्यात चालवून पुढच्या पानावर लिहायची, त्यातही एका चौकटीत एक अक्षर, रिकाम्या जागेला रिकामी चौकट. आकड्यापुढे किती शून्यं लागली, नावानंतर किती जागा सुटली, सगळं मोजलेलं. तूर सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत बांधावर बसून भरलेल्या अशा चार वह्या. पानांना मातीची बोटं लागलेली. आम्ही एमसीएला तीन वर्षं एसी लॅबमध्ये बसून जे टाळलं, ते हिनं बांधावर बसून केलं होतं.

त्यामुळे झालं काय, की मजकूर आणि आकडे नीट मांडून दाखवायचं काम आलं की तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पीएचपीत आकड्यांत स्वल्पविराम घालायची तयार सोय आहे, पण ती तीन-तीनचे गट पाडते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ती २,७७२,३४८ अशी छापते. हा आकडा वाचायला माणूस तिथेच अडखळतो. आपल्याला २७,७२,३४८ पाहिजे. मी अकरा वर्षं असे आकडे हातानं टाइप करत आले होते आणि कुणी काही म्हटलं नव्हतं. हिनं तिसऱ्या दिवशी सात ओळी लिहिल्या. कुठलाही आकडा द्या, लाख-कोटीत बाहेर. मंदारसरांनी खुर्ची फिरवली आणि म्हणाले, "भैरवी, हे बघ. किती साधं होतं!"

किती साधं होतं. हे वाक्य मी घरी नेलं, जेवताना चावलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात परत आणलं.

बरं, पोरगी वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण तिला ते जमत नव्हतं. डब्यात तिळाची चटणी असली की आधी माझ्यासमोर झाकण सरकवायची. प्रत्येक गोष्ट मला विचारून. "ताई, हे बरोबर हाय का?" "ताई, तुमच्यावानी नाव देऊन राह्यली या फाइलले, चालंल नं?" मला ताई म्हणणारं घरात कुणी नाही, मी एकुलती एक. तो शब्द मला आवडायचा, आणि आवडायचा म्हणून आणखी राग यायचा.

शाळेत तिला पोरं लाइटचा खांब म्हणायची. आल्या-गेल्या सोयऱ्यांनी "वर हवा कशी आहे?" म्हणून विचारायचं. हे ती हसत सांगायची. एकदाच हसली नाही. म्हणाली, "पाह्यले आलते तीन पोरं. तिन्हीवेळा मायनं मले बसवून ठेवलं, उठू नको म्हने. उठली का परत जातात." पाणी न्यायलासुद्धा धाकटी बहीण जायची. तेव्हापासून तिनं घरी सांगून टाकलं होतं, की जो माणूस उभं राहून बघेल त्यालाच दाखवा.

मला तेव्हा वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, वाटलं. मग मंदारसर आतून म्हणाले, "अर्पिता, त्या शाळेचं निकालपत्रक तूच घे, भैरवीला वेळ लागेल," आणि वाईट वाटणं तिथेच संपलं.

दिवाळीनंतर तिच्याच समाजाच्या मंडळाचं काम आमच्याकडे आलं. दर वर्षी जानेवारीत त्यांचा वधू-वर परिचय मेळावा भरतो आणि उपवर मुलामुलींची पुस्तिका निघते. संकेतस्थळ मी चार वर्षांपूर्वी बनवून दिलेलं होतं. पुस्तिका मात्र आजवर प्रेसवाला कागदी फॉर्म बघून वेगळी जुळवायचा. यंदा ठरलं, की साइटवरचीच माहिती थेट पुस्तिकेत जाणार. पानांची मांडणी अर्थात अर्पिताची. जन्मवेळ ५:७ नाही, ०५:०७. नोंदणी क्रमांक १७ नाही, ०१७. सगळं एका रेषेत. पान बघून शेतातली ओळीत केलेली पेरणी आठवावी असं.

आणि पहिल्याच दिवशी तिनं माझ्या जुन्या कामात बोट घातलं.

"ताई, हा उंचीचा रकाना तुमी आकडा म्हनून काहून ठेवला?"

"मग काय ठेवायचा? उंची आकडाच असते."

"नाई, पाच फूट दहा इंच आपन ५.१० लेहतो. मशीनले वाटते हे पाच पूर्णांक दहा शतांश. शेवटचं शून्य ते काढून टाकंल. ५.१ दिसंल. मंजे पाच फूट एक."

तिचं बरोबर होतं. पीएचपीला आकडा म्हणून दिलं की पाच-दहा आणि पाच-एक यांत तिला काही फरक दिसत नाही. इंच बाराचे असतात हे त्या भाषेला कोण सांगणार? फूट आणि इंच वेगवेगळे ठेवायचे आणि दाखवताना जोडायचे, हे पहिल्या वर्षाच्या पोरानंही केलं असतं. मी नव्हतं केलं. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "चार वर्षं चालतंय. त्याला हात लावू नकोस, मी बघते."

"बरं ताई," ती म्हणाली आणि खरंच हात लावला नाही.

नोंदी तिनं भरल्या. तिच्या वडिलांनी पाठवलेला तिचा फॉर्मही त्यात होता. आमच्याकडे नियम आहे, जिनं भरलं तिनं तपासायचं नाही. म्हणून छापील प्रूफ माझ्याकडे आलं. मी फूटपट्टी ठेवून एकेक ओळ कागदी फॉर्मशी ताडून बघते. बरोबर असेल तर लाल पेनानं टिक, चूक असेल तर काट मारून बाजूला दुरुस्ती. प्रेसवाला त्या लाल खुणा बघून बदल करतो.

चौथ्याच पानावर एक मुलगा निघाला, फॉर्मवर ५.१०, प्रूफवर ५.१. सव्विसाव्या पानावर दुसरा. हे तर होणारच होतं. त्या क्षणी उठून तिला म्हणायचं होतं, "अर्पिता, तुझंच बरोबर होतं, रकाना बदल." तिनं वीस मिनिटांत केलंही असतं. पण ते म्हणायचं म्हणजे मंदारसरांच्या कानावर पडणार, आणि ते पुन्हा खुर्ची फिरवणार. ५.१ वर काट मारली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात ५.१० लिहिलं. असे अकरा मुलगे निघाले. अकराही दुरुस्त केले.

मग मुलींचा भाग. पान सत्त्याऐंशी, क्रमांक १८७. कु. अर्पिता घनश्याम. फॉर्मवर तिच्या वडिलांच्या ठसठशीत अक्षरात ५.१०. प्रूफवर ५.१.

मी पेन टेकवलं. दोन हातांवर ती स्वतः बसली होती, बसूनही माझ्याहून वर. मंदारसर तिच्या मागे उभे राहून स्क्रीन बघत होते आणि म्हणत होते, "वा, हे पान तर कुणालाही दाखवावं." मला एवढंच वाटलं, की एकदा, निदान एका कागदावर, हिनं पाच फूट एक इंच व्हावं. मी टिक केली. बाकीच्या टिकांसारखीच ती एक टिक.

मी मनाला समजावलं, की प्रत्यक्ष बघायला येतील तेव्हा कळेलच की. कागदानं कुणाचं काय बिघडतं?

चार दिवसांनी फोन वाजला. मीच उचलला. "मी पांढरकवड्यावरून विमलताई बोलून राह्यली. माह्या रजतसाठी पोरगी पाहून राह्यलो आमी. जनावराचा डॉक्टर हाय तो. सहा फूट दोन. आता त्याले पाच-दोनची पोरगी केली तर फोटोत कमरेले लागते. पाच-आठच्या वरची हाय का कोनी?"

मी साइटवर शोधलं. पाच पूर्णांक आठच्या वर एकही मुलगी नाही. मशीननं खरं तेच सांगितलं, त्याच्या हिशोबात पाच-दहासुद्धा पाच-आठच्या खाली. पण मला तर डोळे होते. पाच-दहाची मुलगी माझ्या शेजारी बसून नोंदणीच्या पावत्यांना टाचण्या मारत होती.

"नाही हो," मी म्हटलं, "यंदा एकही नाही."

फोन ठेवल्यावर अर्पितानं विचारलं, "कोनाचा होता ताई?"

"चुकून लागला होता."

मेळाव्याचा रविवार आला. सभागृह खचाखच. दाराजवळ आमचं टेबल, मी पुस्तिका देत होते, अर्पिता उपवरांना क्रमांकाचे बिल्ले लावत होती. साडेअकराला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, पाठ ताठ. त्यांनी पुस्तिका घ्यायला हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. त्या अर्पिताकडे बघत होत्या. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा होता, तोही बघत होता, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा एखाद्या मुलीकडे मान न वाकवता बघत होता.

"तू कोनाची वो बाई?" त्यांनी विचारलं. "इथं कामाले हायेस का उपवर हायेस?"

"दोनी," अर्पिता म्हणाली आणि लाजली. स्वतःचा बिल्ला तिनं पदराखाली ठेवला होता, तो तिनं बाहेर काढला. १८७.

फोनवरचा आवाज मी ओळखला होता. विमलताईंनी उभ्याउभ्या पुस्तिका उघडली. पान सत्त्याऐंशी. वाचलं. पुन्हा अर्पिताकडे बघितलं, पायांपासून वर. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"पाच-एक?" त्या म्हणाल्या. "पाच-एक लेहलं हाय इथं. उंच पोरगी हाय म्हनून कमी करून सांगितलं का? मी सोता उंच बाई हाओ, मले काई लाज नाई वाटली कदी. पन खोटं लेहनाऱ्या घरात सोयरीक कराची नाई."

घनश्यामराव तिथेच खुर्च्यांजवळ होते, ते पुढे आले. "आमी खोटं नाई लेहलं बाई. माह्या हातानं पाच-दहा लेहून देल्लं होतं मी."

"मॅडम, हे मशीनचं झालं असंल," अर्पिता घाईनं म्हणाली. "आकडा म्हनून ठेवलं का ते शेवटचं शून्य खाऊन टाकते. सगळ्याच पाच-दहावाल्याचं तसं..."

विमलताईंनी पानं मागे उलटली. "हा माह्या भावाचा पोरगा. पाच-दहा. बरोबर छापलं हाय. हा दुसरा, पाच-दहा. हा तिसरा. मशीन काय तुलेच ओळखते का एकटीले?"

आजूबाजूला लोक जमले होते. कुणीतरी हसलं. घनश्यामराव खिशातला रुमाल काढून तसाच हातात धरून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, ज्याच्या शब्दावर गावात वाद मिटतात म्हणे, तो चारचौघांत खोटा ठरत होता, आणि तोसुद्धा माझ्या चांगल्या कामामुळे. मी ते अकरा मुलगे दुरुस्त केले नसते तर अर्पिताचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं.

अर्पिता माझ्याकडे वळली. अगदी भरवशानं वळली. "ताई, प्रूफ तुमच्याजवळ हाय नं? दाखवा नं यायले. त्यात दिसंल."

प्रेसवाल्यानं परत दिलेलं प्रूफ माझ्या पायाशी पिशवीत होतं. ऑफिसात राहिलं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण तिनं वाकून पिशवी स्वतःच उचलली, मला त्रास नको म्हणून, आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

तिनं पहिला मुलगा काढला. लाल काट, बाजूला माझ्या अक्षरात ५.१०. "पाहा, हे असं आलं होतं. ताईनं दुरुस्त केलं." दुसरा. तिसरा. ती प्रत्येकावर बोट ठेवून दाखवत होती, माझंच कौतुक करत होती. "ताईच्या नजरेतून काई सुटत नाई." मग तिनं सत्त्याऐंशीवं पान उघडलं.

५.१. पुढे लाल टिक.

ती त्या टिककडे बघत राहिली. ती हुशार आहे हे मी वर सांगितलंच आहे. डोक्यात सगळं चालवून बघायची तिला सवय. दिवाळीनंतरचं "हात लावू नकोस", अकरा काटा, एक टिक, सगळं तिनं तिथल्या तिथं चालवून बघितलं, आणि शेवटी काय छापून येतं ते तिला दिसलं. मला तिच्या चेहऱ्यावर ते येताना दिसलं. तिनं गठ्ठा बंद केला आणि माझ्यासमोर सरकवला. माझ्या नजरेतून सुटलं असेल असं म्हणून तिनं मला वाचवलंही नाही, आणि पकडूनही दिलं नाही.

विमलताई पुस्तिका परत टेबलावर ठेवून निघाल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "फॉर्मवर पाच-दहाच होतं. चूक माझ्या रकान्याची. आणि ही एक सुटली नाही, मी सोडली. मला दिसली होती. त्या दिवशी फोनवर एकही नाही म्हणाले तीसुद्धा मीच. ही माझ्या शेजारी बसली होती."

"काहून?" विमलताईंनी विचारलं.

"जळते मी हिच्यावर," मी म्हटलं.

मोठ्या मनानं वगैरे बोलले नाही मी. तो रुमाल बघवेना एवढंच. विमलताईंनी टेबलावरची पुस्तिका परत उचलली. मग म्हणाल्या, "मले वाटलं पोरीनं लपवलं. लपवनारी दुसरीच निंगाली." आणि घनश्यामरावांना हात जोडून त्या म्हणाल्या, "चुकलं माह्यं, भाऊ. बसा, बोलू." पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. रजत आणि अर्पिता मात्र उभेच होते, समोरासमोर, आणि दोघांनाही उभं राहायची काही अडचण दिसत नव्हती.

मेळाव्याला आलेले मंदारसर मला फक्त "उद्या बोलू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोललेही, जे बोलायला हवं ते सगळं. नोकरीवरून काढलं नाही. मंडळाचं काम मात्र माझ्याकडून काढून अर्पिताला दिलं. रजत-अर्पिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फेब्रुवारीत ठरलं.

सोमवारी दुपारपर्यंत तिनं माझा रकाना काढून टाकला होता. आता फुटांचा एक, इंचांचा एक, आणि दाखवताना दोन्ही जोडून "५ फूट १० इंच". एक आकडी इंच आले तर आधी शून्य, म्हणजे सगळी पानं सरळ रेषेत. मी ते उघडून बघितलं आणि पुन्हा पोटात दुखलं. इतकं नीट होतं.

तिळाची चटणी त्या दिवशी आली नाही. भांडली असती, रडली असती, दोन शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतलं असतं, माझीही तयारी होती. ती संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आली, छापलेले कागद समोर ठेवले आणि रोज ठेवते तेवढ्याच हलक्या हातानं ठेवले.

"मॅडम," ती म्हणाली, "तपासून घ्या."